श्रद्धा, मन आणि औषध : ख्रिस्ती परंपरेतील संशोधनाचा एक अभ्यास





"एवढी प्रार्थना करतोस, मग मन खचलंच कसं?" नैराश्याने आजारी असलेल्या श्रद्धाळू माणसाला हा प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागतो. ख्रिस्ती कुटुंबात तो मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्याकडून येतो, हिंदू घरात "एवढं नामस्मरण करतेस आणि तरी?" अशा शब्दांत येतो. विचारणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा वाईट नसतो. पण ऐकणाऱ्याच्या अंगावर मूळ आजाराच्या जोडीला आणखी एक ओझे पडते, आपली श्रद्धाच कच्ची निघाली याचे. काही जण त्या भरात गोळ्या बंद करून उपवास वाढवतात. काही जण उपासनेला जाणेच सोडून देतात. दोन्हींचे परिणाम पुढे घरातल्या सगळ्यांना सोसावे लागतात.

म्हणून या पाठात आपण एकच प्रश्न घेऊ. श्रद्धा आणि मानसिक आरोग्य यांचा संबंध तपासायचा कसा, आणि ज्यांनी तो तपासला त्यांच्या हाती काय लागले? यासाठी मी ख्रिस्ती परंपरा निवडली, त्याचे कारण साधे आहे. या विषयावरचे बरेचसे संशोधन अमेरिका आणि युरोपात झाले. तिथे ख्रिस्ती लोक बहुसंख्य असल्याने अभ्यासात आलेली माणसेही बहुतांश ख्रिस्तीच होती. त्यामुळे इथले निष्कर्ष तुमच्या-माझ्या साधनेला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तपासण्याची रीत मात्र कोणत्याही परंपरेच्या जिज्ञासूला उपयोगी पडेल.

सुरुवातीला एका शब्दाविषयी. भाषांतराची सेवा करताना मला "निराशा" आणि "नैराश्य" यांत फरक करावा लागतो. परीक्षेत गुण कमी पडले, दोन दिवस जेवण गेले नाही, तिसऱ्या दिवशी मित्र भेटला आणि हसू आले, ही निराशा. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ मन उतरलेले, कशातच रस नाही, झोप आणि भूक बिघडलेली, स्वतःला दोष देणे थांबत नाही, रोजचे काम होत नाही, हे नैराश्य. तो आजार आहे आणि त्याला उपचार आहे. पुढे मी जिथे "नैराश्य" लिहीन तिथे हाच अर्थ घ्यावा.

संशोधक, जो आधी रुग्ण होता

अँटन बॉयसन हे अमेरिकेतील एक प्रोटेस्टंट धर्मसेवक. १९२० मध्ये, चव्वेचाळिशीच्या सुमारास, त्यांना तीव्र मानसिक आजाराचा झटका आला. जग बुडणार आहे आणि त्यात आपल्यावर काही मोठी जबाबदारी आली आहे असे त्यांना वाटू लागले. घरच्यांनी त्यांना मॅसॅच्युसेट्समधील मनोरुग्णालयात दाखल केले. बरे होत असताना एक गोष्ट त्यांना खटकली. आपल्या मनात जे काही घडले ते सगळे देव, पाप, तारण आणि मृत्यू यांच्या भाषेत घडले होते, पण डॉक्टर त्याविषयी बोलायला तयार नव्हते. त्यांच्या दृष्टीने तो बिघडलेल्या मेंदूचा आवाज होता. उलट ज्या धर्मशास्त्र विद्यालयांत पाळक तयार होत, तिथे मनोरुग्ण हा विषयच नव्हता.

बॉयसन यांनी मग स्वतःच तो अभ्यास हाती घेतला. १९२४ मध्ये ते वुर्स्टर येथील सरकारी मनोरुग्णालयात चॅप्लेन म्हणून रुजू झाले. १९२५ च्या उन्हाळ्यात त्यांनी धर्मशास्त्राचे चार विद्यार्थी तिथे आणले. या विद्यार्थ्यांना प्रवचन करायला सांगितले नाही. ते वॉर्डात परिचरांचे काम करत, रुग्णांबरोबर राहत आणि पाहिले-ऐकलेले लिहून काढत. पाळकाने जसा धर्मग्रंथ वाचायचा तसाच जिवंत माणूसही वाचायला शिकावे, अशी बॉयसन यांची धारणा होती. आज पाश्चात्त्य देशांत रुग्णालयातील चॅप्लेनना जे प्रत्यक्ष कामातून प्रशिक्षण दिले जाते, त्याची एक मुख्य सुरुवात इथे झाली.

बॉयसन यांनी श्रद्धेची वकिली केली नाही आणि तिच्यावर खटलाही भरला नाही. "द एक्सप्लोरेशन ऑफ द इनर वर्ल्ड" या १९३६ च्या पुस्तकात त्यांनी मांडले की काही तीव्र मानसिक झटके आणि काही धार्मिक अनुभव यांच्या मुळाशी एकच धडपड असू शकते. आयुष्याचा मोडलेला अर्थ पुन्हा जुळवण्याची ती धडपड असते. कोणी त्यातून सावरतो, कोणी त्यात हरवतो. सगळेच आजार असे असतात असे मात्र त्यांनी म्हटले नाही. त्यांना स्वतःलाही पुढे पुन्हा झटके आले आणि पुन्हा रुग्णालयात राहावे लागले. तरी काम थांबले नाही.

या पद्धतीची मर्यादाही उघड आहे. एका माणसाची कथा कितीही खोल असली तरी हजार माणसांविषयी ती किती लागू पडते, हे त्या कथेतून कळत नाही. त्यासाठी मोजावे लागते.

८९,७०८ स्त्रिया आणि एक अवघड गणित

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. आकडा दिसला की तो कशाचा आहे, आधार काय, कोणत्या काळातला, हे विचारण्याची आम्हाला सवय लावतात. श्रद्धेविषयीचे आकडेही याच नजरेने पाहावेत असे मला वाटते.

अमेरिकेत १९७६ मध्ये परिचारिकांच्या आरोग्याचा एक प्रचंड अभ्यास सुरू झाला. ठरावीक काळाने त्यांना प्रश्नावली पाठवली जाई. आहार, व्यायाम, आजार, औषधे यांबरोबर धार्मिक उपासनेला किती वेळा जाता, हाही एक प्रश्न पुढे त्यात आला. हार्वर्डचे टायलर वँडरवील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या माहितीतून ८९,७०८ स्त्रियांचा १९९६ ते २०१० या काळातील मागोवा घेतला. त्यांतील बहुसंख्य कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट होत्या. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : आठवड्यातून एकदा किंवा अधिक वेळा उपासनेला जाणाऱ्या स्त्रियांत आत्महत्येचे प्रमाण, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे पाच पटींनी कमी होते.

पाच पट हा आकडा मोठा आहे. अशा वेळी लगेच आनंदून न जाता थांबायचे असते. त्या चौदा वर्षांत या सगळ्या स्त्रियांत मिळून आत्महत्येच्या घटना ३६ होत्या. प्रत्येक घटना एका घराचे उद्ध्वस्त होणे आहे, हे खरेच. पण गणिताच्या दृष्टीने ३६ ही लहान संख्या आहे, आणि लहान संख्येवर उभे असलेले "पट" नेमके किती यात बरीच अनिश्चितता राहते.

दुसरी शंका याहून महत्त्वाची आहे. नैराश्य आलेल्या माणसाला अंथरुणातून उठणे जड जाते. आंघोळ करून, कपडे बदलून, रविवारी सकाळी चारचौघांत जाऊन बसणे तर त्याहून जड. मग चर्चला जाणाऱ्यांत आजारी कमी दिसतात ते चर्चमुळे, की आजारी माणसे आधीच यायची बंद झाल्यामुळे? एकाच दिवशी दोन्ही प्रश्न विचारून याचे उत्तर मिळत नाही. वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा विचारावे लागते. या संशोधकांनी उपासनेची माहिती १९९२ आणि १९९६ मधली घेतली आणि पुढे काय झाले ते पाहिले. आधीपासून नैराश्य असलेल्या स्त्रिया वगळूनही हिशेब करून पाहिला, तरी चित्र फारसे बदलले नाही. याच परिचारिकांवरच्या नैराश्याविषयीच्या दुसऱ्या अभ्यासात बाण दोन्ही बाजूंना जाताना दिसला. नियमित जाणाऱ्यांना पुढे नैराश्य येण्याची शक्यता कमी होती, आणि ज्यांना नैराश्य आले त्यांचे पुढे नियमित जाणे कमी झाले.

या दुसऱ्या वाक्याकडे मंडळी चालवणाऱ्यांनी आणि आपल्याकडे सत्संग चालवणाऱ्यांनीही लक्ष द्यावे. जो माणूस तीन महिने आलेला नाही त्याची श्रद्धा ढळली असे आपण सहज धरून चालतो. तो आजारी असण्याची शक्यता आपल्या मनात कितीदा येते?

आणखी एक बाब. इथे मोजले गेले ते चारचौघांत जाऊन केलेल्या उपासनेचे प्रमाण. एकट्याने घरी केलेल्या प्रार्थनेविषयी असे ठाम चित्र संशोधनात दिसत नाही. याचे एक कारण असे की माणूस संकटात असताना एकट्याने जास्त प्रार्थना करतो. त्यामुळे जास्त प्रार्थना करणारे जास्त दुःखी, असे वरवर पाहता दिसू शकते. तापात पॅरासिटामॉल घेणाऱ्यांना ताप जास्त असतोच, म्हणून गोळीने ताप आला असे आपण म्हणत नाही. शिवाय हे सगळे अमेरिकेतील, बहुतांश गौरवर्णीय, शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या स्त्रियांविषयी आहे. वसईच्या किंवा अहिल्यानगरच्या ख्रिस्ती कुटुंबांना ते लागू पडते का, हे तिथे जाऊन तपासल्याशिवाय कोणी सांगू नये.

प्रार्थना एकच, आतली भाषा वेगळी

किती वेळा प्रार्थना करता, हे विचारण्यापेक्षा प्रार्थनेत देवाशी तुमचे नाते कसे आहे, हे विचारणारे संशोधन मला अधिक उपयोगी वाटते. या वाटेने जाणाऱ्यांत गॉर्डन ऑलपोर्ट हे नाव जुने. श्रद्धा स्वतःच ज्याच्या जगण्याचे कारण आहे आणि श्रद्धेचा उपयोग जो प्रतिष्ठा किंवा सुरक्षिततेसाठी करतो, अशा दोन माणसांत त्यांनी फरक केला, आणि १९६७ मध्ये जे. मायकेल रॉस यांच्याबरोबर तो मोजण्याची प्रश्नावलीही दिली. ओहायोतील मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी पुढे संकटकाळावर लक्ष केंद्रित केले. संकटात सापडलेला श्रद्धाळू माणूस श्रद्धेचे नेमके करतो काय?

त्यांना दोन प्रकार दिसले. एकात माणूस देवाला सोबती मानतो, त्याच्याबरोबर मिळून मार्ग काढतो, मंडळीकडून आधार घेतो, क्षमा मागतो आणि करतो. दुसऱ्यात तोच माणूस, त्याच शब्दांत प्रार्थना करत असताना, आतून वेगळे काही म्हणत असतो : देवाने मला टाकले, तो मला शिक्षा करत आहे, त्याचे माझ्यावर प्रेमच नाही, हे सैतानाचे काम आहे. या दुसऱ्या प्रकाराला पुढे "आध्यात्मिक संघर्ष" असे नाव मिळाले.

पार्गामेंट, हॅरल्ड कोनिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॉर्थ कॅरोलायनातील रुग्णालयांत दाखल झालेल्या ५५ वर्षांवरील ५९६ आजारी लोकांना असे प्रश्न विचारले आणि सुमारे दोन वर्षांनी पुन्हा त्यांचा शोध घेतला. २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. शारीरिक आजाराची तीव्रता, मनःस्थिती वगैरे लक्षात घेऊनही, ज्यांच्यात हा संघर्ष अधिक होता त्यांच्या मृत्यूचा धोका जास्त होता. देवाने मला सोडून दिले का, त्याचे माझ्यावर प्रेम आहे का, आणि हे सैतानाने घडवले, अशा तीन विधानांना होकार देणाऱ्यांत तो १९ ते २८ टक्क्यांनी वाढलेला दिसला.

वाचून भीती वाटेल, म्हणून इथे थोडे थांबू. देवावर रागावल्याने माणूस मरतो, असा याचा अर्थ नाही. एकट्याने, कोणाला न सांगता, दीर्घकाळ कुढत राहणे धोक्याचे असावे, असा त्यातून निघणारा अर्थ मी घेतो. कारण रागाला तर खुद्द बायबलमध्येच भरपूर जागा आहे. ईयोब देवाला जाब विचारतो. स्तोत्रसंहितेतील कितीतरी स्तोत्रे तक्रारीची आहेत. त्यांतले ८८ वे तर शेवटपर्यंत अंधारातच राहते, त्यात दिलासा देणारे अखेरचे कडवे नाही. ज्यांनी हा संग्रह सिद्ध केला त्यांनी ते स्तोत्र गाळले नाही. एलीया संदेष्ट्याची गोष्ट तर मला फार बोलकी वाटते. मोठ्या विजयानंतर तो जीव वाचवायला रानात पळतो, एका झुडपाखाली बसून मरण मागतो आणि झोपी जातो. देवदूत येतो तो उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, मग पुन्हा खायला उठवतो. बोलणे फार नंतर होते. हा आजच्या अर्थाने नैराश्याचा रुग्ण होता की नाही, असे निदान अडीच हजारांहून अधिक वर्षांनंतर करण्यात अर्थ नाही. पण मदतीचा क्रम मात्र पाहण्यासारखा आहे.

साधकांना इथे एक प्रश्न पडेल. साधनेत येणारा कोरडेपणा, ख्रिस्ती संत ज्याला काळोखी रात्र म्हणतात तो, आणि नैराश्य हे एकच का? मदर तेरेसांची पत्रे २००७ मध्ये पुस्तकरूपाने आली तेव्हा अनेकांना धक्का बसला, कारण कित्येक दशके त्यांना देवाची जाणीव होत नव्हती असे त्यांत दिसले. पण त्याच काळात त्यांचे काम वाढतच होते, माणसांविषयीची ओढ आटली नव्हती. नैराश्यात सहसा सगळ्याच गोष्टींतून रस जातो, जेवणातून, माणसांतून, कामातून. हा फरक ढोबळ आहे, आणि एकाच माणसाला दोन्ही एकाच वेळी असू शकते. म्हणून "ही तुझी साधनेतली अवस्था आहे" असे सांगून कोणालाही डॉक्टरांपासून दूर ठेवू नये. काळोखी रात्र असेल तर तपासणीने ती बिघडणार नाही.

चपलेतला खडा

लॅटिनमध्ये "स्क्रुप्युलस" म्हणजे बारीक टोकदार खडा. पापाविषयी अतिशंका घेणाऱ्या मनाला ख्रिस्ती परंपरेत याच शब्दावरून नाव पडले. संत इग्नेशियस लोयोला १५२२ मध्ये मान्रेसा येथे असताना या त्रासाने इतके ग्रासले होते की कन्फेशन केल्यावरही काही सांगायचे राहिले, असे त्यांना पुन्हा पुन्हा वाटे. जीव द्यावा असेही विचार येऊ लागले. आजचा डॉक्टर अशा लक्षणांत ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डरची शक्यता तपासेल. त्याच्या उपचारात माणसाला ती शंका सहन करायला आणि पुन्हा पुन्हा तेच कृत्य न करायला हळूहळू शिकवतात. श्रद्धाळू रुग्णाला मात्र भीती असते की डॉक्टर आपल्याला पाप करायला लावत आहेत. अशा वेळी फादर आणि मानसोपचारतज्ज्ञ एकमेकांशी बोलले तर काम सोपे होते. धर्माची खरी अपेक्षा किती आणि आजाराने तिच्यात भर किती घातली, ही रेघ फादर आखून देऊ शकतात. आपल्याकडे सोवळ्याओवळ्याच्या किंवा मंत्रोच्चार चुकल्याच्या शंकेने तासन्‌तास अडकलेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

उपचारात श्रद्धा आणली तर?

अमेरिकेतील संशोधक रिबेका प्रॉप्स्ट यांनी १९९२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. नैराश्य असलेले ५९ श्रद्धाळू ख्रिस्ती रुग्ण त्यात होते. काहींना विचार व वर्तन बदलण्याची नेहमीची थेरपी दिली, काहींना तीच थेरपी ख्रिस्ती विचार आणि प्रतिमा वापरून दिली, काहींना पाळकांकडून होते तसे समुपदेशन मिळाले आणि काहींना प्रतीक्षायादीत ठेवले. श्रद्धेची भाषा वापरलेल्या थेरपीचा गुण चांगला आला. गंमत पुढे आहे. या प्रकारात सर्वांत चांगले परिणाम दिसले ते थेरपिस्ट स्वतः धार्मिक नसतानाचे. असे का झाले असावे? मला वाटते, आपल्या धर्माचा नसलेला माणूस आपली श्रद्धा गंभीरपणे घेतो, याचाच रुग्णाला आधार वाटत असावा. हा माझा तर्क आहे, प्रयोगाने ते कारण सिद्ध केलेले नाही, आणि ५९ ही संख्याही लहानच.

कोनिग यांच्या गटाने २०१५ मध्ये दीर्घकालीन शारीरिक आजार आणि नैराश्य दोन्ही असलेल्या १३२ जणांवर असाच प्रयोग केला. त्यासाठी ख्रिस्ती, ज्यू, मुस्लिम, बौद्ध आणि हिंदू अशा पाच परंपरांसाठी पुस्तिका तयार केल्या होत्या. नेहमीची थेरपी आणि धार्मिक थेरपी या दोन्हींचा गुण एकंदरीत सारखाच आला. ज्यांची श्रद्धा फार दृढ होती त्यांना धार्मिक थेरपीचा थोडा जास्त फायदा झालेला दिसला. म्हणजे श्रद्धा आणल्याने उपचार बिघडला नाही, आणि त्यात चमत्कारही घडला नाही.

आपल्या देशात

ई. स्टॅन्ली जोन्स हे मेथडिस्ट मिशनरी १९०७ मध्ये भारतात आले. कामाच्या ताणाने काही वर्षांतच ते मनाने पार मोडून गेले, विश्रांती घेऊन परत आले तरी पुन्हा कोसळले. लखनौमध्ये प्रार्थना करत असताना आपल्याला उभारी मिळाली, असे त्यांनी स्वतः लिहिले आहे, आणि त्यानंतर कित्येक दशके ते काम करत राहिले. ज्याला प्रार्थनेने गुण आला तो इतरांना फक्त प्रार्थनाच सांगेल, असे आपल्याला वाटेल. जोन्स यांनी १९५० मध्ये त्याच लखनौत नूर मंझिल हे मानसोपचार केंद्र उभे केले, डॉक्टरांसह आणि औषधांसह.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९५७ मध्ये मानसिक आरोग्य केंद्र सुरू केले. तिथे रुग्णाबरोबर घरच्या माणसाने राहायचे, अशी पद्धत ठेवली. त्याच दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना राहू दिले होते. रुग्णाला कुलपाआड टाकून निघून यायच्या त्या काळात ही मोठी गोष्ट होती. घरचे माणूस रोज पाहत असल्याने आजार म्हणजे काय, गोळी का बंद करायची नाही, हे त्यालाही कळे आणि रुग्ण घरी परतण्याची वाट खुली राही.

संशोधनाने धर्माच्या नियमांवरही परिणाम केला, हे थोडक्यात नोंदवतो. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या कायद्यात जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला धार्मिक अंत्यसंस्कार नाकारलेले होते. १९८३ च्या कायद्यात ती तरतूद उरली नाही, आणि १९९२ च्या अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथात तीव्र मानसिक त्रासामुळे त्या माणसाची जबाबदारी कमी होते असे मान्य केले आहे. आपल्या संसदेने २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात असाच विचार घेतला. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरायचे आणि तिची काळजी घेण्याचे कर्तव्य सरकारचे. गेलेल्या माणसाविषयी कुजबुज करणाऱ्या आपल्या सोसायट्या आणि वाड्या या दोन्ही दस्तऐवजांच्या मागे आहेत, असे खेदाने म्हणावे लागते.

तुमच्या ओळखीचे कोणी असेल तर

बंगळूरच्या निमहान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. म्हणजे तुमच्या प्रार्थनागटात, मंडळीत, सत्संगात असे कोणी नाही असे समजू नका.

त्याच्याशी बोलताना श्रद्धेचा विषय टाळण्याची गरज नाही आणि तो लादण्याचीही नाही. आधी झोप, जेवण आणि कामाविषयी विचारा. मग, तो श्रद्धाळू असेल तर, सरळ विचारा : "या सगळ्यात देवाविषयी तुला काय वाटतं?" देव पाठीशी आहे असे म्हणाला तर त्याच्याबरोबर प्रार्थनेला बसा. देवाने मला टाकलं असे म्हणाला तर वाद घालू नका, वचने सांगू नका, ऐकून घ्या, आणि त्याच्या विश्वासातल्या पाळकांना किंवा फादरना भेटायचे का विचारा. चालू गोळ्या डॉक्टरांना न विचारता कमी-जास्त करू नका, कोणी कितीही मोठा साधक सांगत असला तरी. गोळ्यांविषयी शंका असेल तर ती लिहून काढा आणि पुढच्या भेटीत सोबत जा. एकटे पाठवू नका.

मरणाचे विचार येतात का, हे स्पष्ट शब्दांत विचारायला घाबरू नये. विचारल्याने तो विचार मनात नव्याने पेरला जात नाही. उत्तर "हो" असेल तर त्या माणसाला एकटे सोडू नका, घरातली औषधे आणि कीटकनाशके त्याच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवा आणि त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयात न्या. रात्र असेल, गावात डॉक्टर नसेल, कोणाला सांगावे कळत नसेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. ही सेवा चोवीस तास, मोफत आणि मराठीतूनही मिळते. आजारी व्यक्तीच्या वतीने घरचे माणूसही फोन करू शकते.